एक कोटी एकला कशानं भाग जातो

मला आकडा दिसला की राहवत नाही. एसटीच्या तिकिटावरचा असो, नाही तर ट्रॅक्टरच्या मागं रंगवलेला असो, आधी त्याला तीननं भाग जातो का, मग सातनं, मग अकरानं, हे बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही. एकदा नेकनूरच्या बाजारात मी एका ट्रकच्या नंबरकडं बघत भर रस्त्यात उभी राहिले. मागून एक मोटारसायकलवाला म्हणाला, मावशी, ट्रक इकत घ्यायचा इचार हाय का. त्या नंबराला एकोणीसनं भाग जात होता, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

मी शाळेत गणित शिकवते. नाकावर राग असतो, हे मला घरच्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता त्या सांगण्याचाही राग येतो. पण आकड्यावर मी कधी रागावलेली नाही. आकडा लबाडी करत नाही, आणि विचारलं तेवढं सांगतो.

आपल्याकडं आहेराला शंभर कोणी देत नाही, एकशे एक देतात. पाचशे एक, हजार एक. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, वरचा एक कशाला? ते म्हणाले, नुसते शंभर म्हणजे संबंध मिटला, वर एक ठेवला की येणं-जाणं राहतं. मला ते पटलं होतं. पुढं गणित शिकले तेव्हा मात्र त्या एकानं मला वेगळंच वेड लावलं. शंभर हा मोठा गरीब स्वभावाचा आकडा. दोननं भागा, चारनं भागा, वीसनं, पंचवीसनं, तो मुकाट ऐकतो. त्याच्यावर एक ठेवला की तोच असा काही ताठतो की एकशे एकला कशानंच भाग जात नाही. मला वाटलं, हे वरच्या एकाचे आकडे सगळे असेच ताठ असतील. तर कुठलं काय! हजार एक उघडून बघितला तर आत सात, अकरा आणि तेरा असे तिघं बसलेले. सात गुणिले अकरा सत्त्याहत्तर, आणि सत्त्याहत्तर गुणिले तेरा एक हजार एक. दहा हजार एकमध्ये त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस निघाले, म्हणजे असे दोघे की ज्यांची एरवी ओळख असायचं कारण नाही. लाख एकमध्ये पुन्हा अकरा. मग ध्यानात आलं, दोन्हीकडच्या एकांच्या मधली शून्यं मोजायची. ती जोडीजोडीनं असली, दोन, चार, सहा, तर अकरा आत असतोच. एखादं शून्य एकलं राहिलं की अकरा बाहेर. हे मी दर वर्षी वर्गात मोठ्या हौसेनं सांगते, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, बाई, हे परीक्षेला आहे का.

असो. सांगायचंय ते अधिक महिन्यातलं.

त्या वर्षी अधिक महिना लागायच्या आधी गावानं नामजपाचा घाट घातला. ‘राम कृष्ण हरी’, महिनाभर, सगळ्या गावानं मिळून. कमिटी झाली. गावचे माजी सरपंच अध्यक्ष झाले, कारण ते कशाचेही अध्यक्ष होतातच. माणूस वाईट नाही. शेतीवाडी मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि गावात कोणाचं लग्न असलं तर आहेराचं पहिलं पाकीट त्यांचं. जीपा करून सगळे नारायणगडावर गेले, नारळ फोडला, आणि अध्यक्षांनी हात जोडून संकल्प सोडला. ठरलं होतं एक कोटी. पण जन्मभर आहेराची पाकिटं भरलेला माणूस. तोंडातून सवयीनं निघालं, “एक कोटी एक.” देवापुढं बोललेला शब्द परत घेता येत नाही, आणि तेव्हा घ्यावा असं कोणाला वाटलंही नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणे झाक झालं, वर एक पाहिजेच. परतीच्या वाटेवर जीपमध्ये भांडण लागलं.

भांडण असं. गावातल्या गल्ल्या आणि मळ्यातल्या वस्त्या धरून दहा गट पाडले होते. एकेका गटाला दहा लाख नावं. दहा गटांचे एक कोटी झाले, विषय संपला. पण वरचा एक कोणी म्हणायचा? तो एक म्हणजे शेवटचा. तो म्हटला की संकल्प पुरा. म्हणजे एक कोटी नावं सगळ्या गावानं घशाला कोरड पडेपर्यंत घ्यायची, आणि मान त्या शेवटच्या एकाला. प्रत्येक गटाला तो हवा होता. कोणी म्हणालं आमची गल्ली मारुतीच्या देवळासमोर आहे म्हणून आमचा मान. कोणी म्हणालं मंडपाला लाकूड आमच्या वस्तीनं दिलं. चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर चिठ्ठी कोण उचलणार यावरून पुन्हा जुंपली. कीर्तनाला बोलावलेले महाराज बाहेरगावचे, त्यांना म्हटलं तुम्हीच म्हणा, तर त्यांनी हात जोडले. ते बारा गावचं पाणी प्यालेले, असल्या मानात हात घालत नाहीत.

आमचे मालक त्या कमिटीत होते. ते संध्याकाळी तोंड पाडून घरी आले आणि म्हणाले, “त्या एकापायी जप व्हायचा ऱ्हातो का काय.” मी भाकरी थापत होते. मी विचारलं, “दहाच गट कावून पाडले? कोणत्या शहाण्यानं सांगितलं दहा?” ते म्हणाले, सोपं पडतं म्हणून. मला असा राग आला! एक कोटीला दहा सोपा, एक कोटी एकला नाही, हे चौथीतल्या पोराला कळतं. आणि मग एकदम राग गेला, कारण मनात आलं, मग एक कोटी एकला सोपा कोणता?

तवा तसाच ठेवून मी आकडेमोडीला भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटं केलं. भाकऱ्यांचं काम माझ्या हातून सुटलं ते धाकटीनं उचललं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, आम्ही एकाच घरात राहतो. माझा दीर अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची पिठाची गिरणी ती चालवते. गिरणी सुरू असली की ती आत मोठ्यानं अभंग म्हणत असते, इतका भरीव आवाज की इंजिनाच्या वर ऐकू येतो. दीर होता तेव्हा पहाटेच्या काकड्याला देवळात तीच पुढं असायची. तो गेल्यावर पहिल्याच सप्ताहात तिनं नेहमीसारखा कलशाला हात लावला, आणि कोणीतरी बाईनं तिचा हात धरून बाजूला केला. तेव्हापासून ती देवळाच्या मंडपात गेलेली नव्हती. गिरणीत म्हणायची.

दोननं भाग जाणार नव्हता, ते दिसतच होतं. तीननं नाही, कारण आकड्यांची बेरीज दोन. तीन बाद म्हणजे सहा आणि नऊही बाद. चार, पाच, आठ, दहा यांचं नावच नको. सातनं भागून बघितलं, चार उरले. “मग?” धाकटीनं भाकरी उलटत विचारलं. तिला गणित येत नाही असं ती म्हणते, पण तिच्या गिरणीत पायलीचा हिशेब कधी चुकलेला मी बघितलेला नाही. मी म्हटलं, थांब, मधली शून्यं मोजू दे. सहा होती. सहा म्हणजे जोडीजोडीची. अकरा आत असणार.

होता. एक कोटी एक भागिले अकरा, नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. मी तो आकडा लिहिला, ९०९०९१, आणि नुसती बघत बसले. नऊ शून्य, नऊ शून्य, नऊ एक. मग पडताळा घ्यायला त्याला अकरानं गुणलं. अकरानं गुणणं म्हणजे तोच आकडा एक घर सरकवून खाली मांडायचा आणि बेरीज करायची. तशी केली की नऊच्या खाली शून्य येतं आणि शून्याच्या खाली नऊ. एकमच्या घरात एक. पुढच्या घरात एक आणि नऊ दहा, शून्य मांडा, हातचा एक. पुढं नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. तो एकच हातचा घरामागून घर शून्यं टाकत पार डावीकडं जातो आणि शेवटी कोटीच्या घरात जाऊन बसतो. मी धाकटीला ते बोटानं दाखवलं. ती म्हणाली, “अगं बया, निस्ता हातचाच कोटी झाला की.” आमच्या दोघींच्या गप्पांत एक भाकरी करपली.

मालकांना मी सांगितलं, अकरा गट करा. गटाला नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. वर काही उरत नाही, मग मान कोणाचा हा प्रश्नच नाही. सगळे एकाच वेळी संपवतील. ते उठून तसेच अध्यक्षांकडं गेले.

मला मात्र चैन नव्हतं. अकराच का? बारा का नाही, तेरा का नाही? बारानं जाणार नव्हताच, तेरानं भागलं तर अकरा उरले. आता प्रश्न असा, की त्या ९०९०९१ ला तरी आणखी कशानं भाग जातो का. गेला तर गटांची दुसरी वाटणी निघाली असती. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत बसले. दोननं भागलं, एक उरला. तीननं, एक उरला. पाचनं, एक. सातनं, एक. तेरानं, तरी एकच. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या अलीकडचा ९०९०९० हा भलता मनमिळाऊ आकडा आहे. दोन, तीन, पाच, सात, तेरा, सदतीस, सगळे त्याच्यात सुखानं नांदतात. आणि त्याच्यावर फक्त एक ठेवला की यांतला एकही आत शिरत नाही, प्रत्येकाला दारात एक उरतोच. सतरानं भागलं तर गंमत उलटी. तिथं एक कमी पडला.

ज्या आकड्याला स्वतःच्या वर्गमुळापर्यंतच्या कोणत्याच मूळ संख्येनं भाग जात नाही, त्याला पुढं कशानंच जात नाही. इथं वर्गमूळ साडेनऊशेच्या जरा वर येत होतं. म्हणजे नऊशे त्रेपन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी एकेक भागून बघायचं. मोबाइलवर क्षणात कळतं, असं शाळेतल्या एका मास्तरांनी मला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, पुरणपोळीही विकत मिळते. कॅल्क्युलेटर घेऊन मी बसच्या थांब्यावर भागले, परीक्षेच्या देखरेखीवर भागले, धाकटीच्या गिरणीत पोत्यावर बसून भागले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जाईल, आता जाईल. आणि दर वेळी काहीतरी उरायचं. नऊशे त्रेपन्ननंही गेला नाही तेव्हा मी पोत्यावरून उठले आणि धाकटीला सांगितलं, कशानंच जात नाही. अंगावर काटा आला होता माझ्या. एक कोटी एक एवढा मोठा आकडा, आणि त्याच्या आत फक्त दोघं. अकरा, आणि हा नऊ लाखांचा धटिंगण. म्हणजे या जपाची समान वाटणी करायची तर गट अकराच पाहिजेत. नाही तर नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव गट करा आणि प्रत्येकानं अकरा नावं घ्या. तिसरी वाट नाही.

“म्हंजे एकच जागा वाढती,” धाकटी म्हणाली.

मी म्हटलं, हो, एकच.

“मंग ती आमाला द्या.”

मला आधी कळलंच नाही. आम्हाला म्हणजे कोणाला? तिनं पट्टा बंद केला. गावात तिच्यासारख्या किती जणी होत्या ते तिनं मला गल्लीगणिक सांगितलं. नवरा गेलेल्या, टाकलेल्या, लग्नच न झालेल्या. त्या सगळ्या जप करणारच होत्या, आपापल्या गल्लीच्या गटात, मागं, खांबाला टेकून. तिला मागं बसायचं नव्हतं. बाकीच्या गटांसारखा तिला स्वतःचा कलश मांडून पुढं बसायचं होतं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी हे कधी बोलली नव्हती. माझ्यासाठी अकरा हा भागाकार होता, तिच्यासाठी ती मंडपातली जागा होती.

घरी हे आमच्या सासूबाईंच्या कानावर गेलं. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामींचं कपाळ फार लवकर पांढरं झालं. माझे मालक तेव्हा शाळेतही जात नव्हते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा उंबऱ्यावर मला ओवाळलं ते शेजारणीनं. मामी आत चुलीपाशी बसून होत्या, त्यांना कोणी बसवलं नव्हतं, त्या आपणहून बसल्या होत्या. लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, त्या राबायच्या सगळ्यांच्या आधी आणि दिसायच्या नाहीत. त्या मामी धाकटीवर अशा भडकल्या की मी सुद्धा गप्प झाले. “इधवा बाईनं कलश पुजायचा? मला न्हाई कळत का, का मलाच हौस नव्हती? गावाचं वाटोळं करायला निघाली का तू?” त्या दिवसापासून मामींनी तिच्याशी बोलणं सोडलं.

अकरा गट ही गोष्ट कमिटीनं लगेच उचलली, कारण भांडण मिटत होतं. पण अकरावा गट कोणाचा यावर नवं भांडण उभं राहिलं, आगीतून निघून फुफाट्यात. एक वस्ती म्हणाली आमची दोन करा. अध्यक्षांचे चुलतभाऊ म्हणाले आम्हाला वेगळं काढा. मग बारा करा, तेरा करा, असंही निघालं. मालकांनी तिथं छाती फुगवून सांगितलं, की बायकोनं नऊशे त्रेपन्नपर्यंत तपासलंय, अकराशिवाय भाग जात नाही. हे वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक ठरली आणि धाकटी मला म्हणाली, अक्का, चल.

पारावर महाराज होते, कमिटी होती, आणि बघायला निम्मं गाव. धाकटीनं उभं राहून सांगितलं, अकरावा गट आमचा. कोणी हसलं नाही, पण कोणी हो पण म्हणालं नाही. अध्यक्षांनी मोठ्या समजुतीनं अडचण सांगितली. गटाचा कलश जोडप्यानं पुजायचा असतो, तशी रीत आहे, आणि तुमच्या गटात जोडपं कुठून आणणार? मग त्यांनीच तोडगा काढला. बाई आणि त्यांचे मालक तुमच्यातर्फे पुजेला बसतील, जप तुम्ही करा. लोकांना ते पटलं. माझ्याकडं सगळे बघायला लागले, आणि माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटीनं माझ्या हातावर हात ठेवला. ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज गिरणीतला होता.

“अक्का, ह्या एक कोटी एकच्या जोड्या लावल्या तर?”

मी म्हटलं, पन्नास लाख जोड्या होतात आणि एक उरतो.

“त्याला जोडी?”

“नाही. तो एकटा.”

मग ती अध्यक्षांकडं वळली. “मामासाहेब, पन्नास लाख जोड्या हायत्या तुमच्याकडं. त्यांच्यासाठी कुणी भांडलं न्हाई. भांडण झालं ते त्या एकट्यापायी. त्यो शुभ हाय म्हणून गडावर तुमीच त्याला वर ठिवला. मंग आमी एकट्या कावून अशुभ? आमाला उसनी जोडी नगं.”

अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मी इतकी वर्षं त्या वरच्या एकाकडं बघत होते, त्याच्या मागं सात शोधत होते, अकरा शोधत होते, आणि तो विषम आहे एवढी पहिली गोष्ट बघून दर वेळी पुढं गेले होते. महाराज जरा पुढं सरकले. ते म्हणाले, “अध्यक्ष, संकल्प तुमचाच हाय. त्यात जोडी बसत न्हाई. त्यांचा कलश त्यांना पुजू द्या.” अध्यक्ष म्हणाले, बघा बाबा, मग मला नावं ठेवू नका. तो होकार होता.

होकार मिळाला म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या संध्याकाळी धाकटीच्या हाकेला मोजून चारच जणी आल्या. बाकीच्यांना घरून अडवलं होतं, नाही तर त्यांचं त्यांनाच धाडस होत नव्हतं. चौघींनी महिन्यात नऊ लाख नावं घ्यायची म्हणजे झोपेतही जप करावा लागला असता. धाकटी गिरणी दुपारी बंद ठेवून वस्त्यांवर फिरली. मी हिशेबाची बाजू सांभाळली. जपात एक माळ शंभर धरतात, वरचे आठ मणी चुकल्यामाकल्याचे. म्हणजे गटाच्या वाट्याला नऊ हजार नव्वद माळा, आणि शेवटची माळ एक्याण्णव नावांची. शेवटच्या माळेत नऊ नावं आधीच थांबायचं, हे बायकांना कसं पटवायचं? देवाचं नाव जास्त झालं तर काय बिघडलं, असं एकीनं विचारलं आणि तिचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, बिघडत काही नाही, फक्त मग संकल्पाचा आकडा राहत नाही. शेवटी ज्वारीचे एक्याण्णव दाणे एका पुरचुंडीत बांधले. एका नावाला एक दाणा बाजूला टाकायचा, दाणे संपले की थांबायचं. हळूहळू बायका वाढल्या. सुरुवातीच्या आदल्या दिवशी धाकटीनं पिठाचे हात पुसत सांगितलं, की जमंल. घरात मामी अजून तिच्याशी बोलत नव्हत्या. धाकटी ताट वाढायची, मामी मुकाट जेवायच्या आणि उठायच्या.

अधिक महिन्याचा पहिला दिवस उजाडला. मंडपात ओळीनं अकरा कलश. दहा कलशांसमोर दहा जोडपी, उपरण्याला पदराची गाठ मारून बसलेली. आम्ही दोघंही आमच्या गल्लीच्या गर्दीत मागं उभे होतो. अकराव्या कलशासमोर एक पाट आणि त्यावर धाकटी, एकटी. तिच्या मागं तिच्या बायका. काहींच्या कपाळावर बुक्का, काहींची कपाळं कोरी. सगळं गाव बघत होतं, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. दहा जोडप्यांकडं कोणी पाहतच नव्हतं. धाकटीची पाठ मला मागून दिसत होती, आणि ती ताठ होती, पण तिनं हळदीच्या वाटीला अजून हात लावला नव्हता. महाराजांनी मंत्र सुरू केला. जोडप्यांनी कलशाला हळदकुंकू वाहिलं. धाकटीचा हात उचलला जाईना. मी मनात म्हणत होते, लाव गं, लाव आता.

तेवढ्यात बायकांच्या मागून कोणीतरी वाट काढत पुढं आलं. बायका सरकल्या. मामी होत्या. मला वाटलं, आता ह्या हिला हाताला धरून उठवणार. मालकही पुढं व्हायला लागले, मी त्यांची बाही धरली.

मामी पाटापाशी थांबल्या. वाकून धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सरक की जरा.”

धाकटी सरकली. मामी गुडघ्यावर हात देत खाली बसल्या, अर्ध्या पाटावर. समोर कलश, हळदीची वाटी, कुंकवाची वाटी. त्यांनी हात पुढं केला आणि तो दोन्ही वाट्यांच्या मध्ये थांबला. महाराजांचा मंत्रही थांबला होता, मंडप इतका शांत होता की त्या हळू बोलल्या तरी मागं मला ऐकू आलं.

“आधी हळद का आधी कुंकू गं? म्या इसरले बघ.”

“हळद, मामी,” धाकटी म्हणाली.